बसती पेटी

१

गाडीत बसवायचा फ्रिज घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा रंग विचारतं. मग विचारतं, आइस्क्रीम राहील का. लातूरला औसा रोडवर माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. पंचवीस वर्षं झाली, आणि पहिलाच प्रश्न शहाणा विचारणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. शिवानीअक्का.

ती आणि तिचा नवरा अमरनाथ, दोघंही शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी सतरा सीटची जुनी गाडी घेतली होती आणि तिचं फिरतं घर करायला माझ्या शेजारच्या हनीफकडे टाकली होती. हनीफ पत्र्याचं आणि बॉडीचं काम करतो. पलंग, शेगडी, बेसिन, सगळं गाडीतच होणार होतं. दसऱ्याला निघायचं, आधी आपलाच मुलूख बघायचा, कंधारचा किल्ला, नांदेड, इस्लापूरचा धबधबा, आणि गाडी अंगवळणी पडली की पुढे काश्मीर. अमरनाथ हे सांगताना फळ्यावरचा नकाशा दाखवल्यासारखं हवेत बोट फिरवत होता. अक्काने त्याला थांबवलं आणि मला विचारलं, गाडी उतारावर तिरपी उभी राहिली तर आतली थंडी कमी-जास्त होईल का?

असा प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं. मी तिला तीन प्रकार समजावले. एक गॅसवर चालणारा. तो आवाज करत नाही, पण गाडी सपाट उभी नसली की रुसतो. दुसरा विजेवरचा हलका डबा. विकणारे त्याला फ्रिज म्हणतात, मी म्हणत नाही. बाहेरच्यापेक्षा वीस डिग्री कमी, एवढीच त्याची अक्कल, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस असतात. तिसरा बॅटरीवरच्या कॉम्प्रेसरचा. महाग, पण चढावर, उतारावर, खड्ड्यात, कुठेही काम करतो.

तिने तिसरा सांगितला. मग पर्समधून एक छोटी कुपी काढून माझ्या टेबलावर ठेवली. बाराव्या वर्षापासून ती इन्सुलिनवर होती.

"ही दोन ते आठ डिग्रीत पाहिजे, अप्पा. जरा गरम झाली तर काही दिवस तग धरती. पण एकदा गोठली की संपली. वितळल्यावर दिसायला तशीच दिसती, अन् आत नुसतं पाणी. हिच्याबिगर मी चार दिवस बी काढत न्हाई."

मी म्हणालो, "अक्का, डोळे झाकून जावा." हे वाक्य मी सगळ्यांनाच म्हणतो.

२

दसरा आठ दिवसांवर आला तरी कॉम्प्रेसर आला नाही. पुरवठा करणारा रोज उद्या म्हणायचा. कबूल केलेली तारीख मी आजवर चुकवलेली नाही. या गर्वावरून बाजारात माझी चेष्टाही होते, पण गर्व आहे तो आहे. तसा एक बॅटरीवरचा कॉम्प्रेसर माझ्याकडे पडून होता. दुकानामागच्या शेडमध्ये, बसत्या पेटीला लावलेला.

त्या पेटीचं सांगायला हवं. आम्ही लिंगायत, शिवानीअक्काचं घरही. आमच्यात मयताला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसवूनच पुरतात. लांबचे नातेवाईक यायचे असले की हल्ली लोक भाड्याने शीतपेटी आणतात, आणि ती असते आडवी. माणूस तिच्यात आडवाच ताठ होतो. मग त्याला बसवताना जे करावं लागतं ते मी दोनदा पाहिलं आहे. गुडघ्यांचा आवाज येतो.

दोन वर्षांपूर्वी उदगीरकडच्या एका गावातून गुरुपादप्पा नावाचा व्यापारी माझ्याकडे आला. त्याचे वडील ईश्वरप्पा सकाळी गेले होते आणि धाकटा भाऊ परदेशातून यायला दोन दिवस लागणार होते. बापाचे गुडघे मोडू देणार नाही, एवढंच तो सारखं म्हणत होता. मी आणि हनीफने बाटल्यांच्या जुन्या कुलरचा सांगाडा कापून त्याच दिवशी एक पेटी तयार केली. छातीएवढी उंच, आत माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा. गावात वीज राहत नाही म्हणून कॉम्प्रेसर बॅटरीवरचा लावला. गुरुपादप्पाने माझे हात धरले होते, आणि मलाही त्या कामाचा अभिमान वाटला होता.

तिसऱ्या दिवशी पेटी परत आली. घाईत कोणाला बंद करायचंही सुचलं नव्हतं, ती चालूच होती. मी दार उघडलं. आतल्या भिंती कोरड्या होत्या. दाराच्या आतल्या बाजूला मात्र, बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशा जागी, तळहाताएवढा बर्फाचा पांढरा थर होता.

बर्फ उगाच धरत नाही. त्याला ओल लागते, आणि ओल एक तर बाहेरून येते नाही तर आतून. मी दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली. चारही बाजूंनी पट्टी घट्ट बसत होती, म्हणजे बाहेरची हवा आत जात नव्हती. मेलेला माणूस श्वास सोडत नाही, हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. मी प्लास्टिकची खरवडणी घेतली आणि तो थर काढून टाकला. ईश्वरप्पा तोवर मातीआड झाले होते, आता कोणाला सांगून काय होणार, असं मी स्वतःला सांगितलं. मग हात धुऊन जेवायला गेलो.

३

बर्फाचं हनीफला मी कधी बोललो नाही. तरी पेटी शेडमधून बाहेर काढताना बघून त्याने हातातला हातोडा खाली ठेवला.

"मन्मथ, ही मयताची पेटी हाय. त्या दोघांचं दूध, भाजी, औषध ठेवणार तू ह्याच्यात?"

मी म्हणालो, दोन दिवस वापरलेली वस्तू नवीच असते आणि धुतला की पत्रा पत्राच असतो. कॉम्प्रेसर काढून दुसऱ्या पेटीला लावायचा तर दसऱ्यानंतर आणखी पाच-सहा दिवस गेले असते, आणि ही पेटी गाडीतल्या जागेत मापून केल्यासारखी बसत होती. हनीफने विचारलं, तुझ्या घरात ठेवशील का? मी वय झालं की माणूस कसा भित्रा होतो यावरून त्याची टर उडवली. त्याने गाडीत जागा करून दिली, पण पेटीला हात लावला नाही. ती मीच ढकलत नेली.

आतून नवा पांढरा पत्रा ठोकला, दोन शेल्फ घातले, दाराचं रबर बदललं. मागचं झाकण तेवढं उघडलं नाही, कारण ते उघडायचं तर गॅसची नळी सोडवावी लागली असती. मग पेटी रिकामीच एक दिवस चालवून पाहिली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार उघडलं. मीटर चार डिग्री दाखवत होता, भिंती कोरड्या होत्या, आणि दारावर त्याच जागी तळहाताएवढा पांढरा थर होता.

आत काहीच नव्हतं. एक भेंडीसुद्धा नव्हती.

मी खरवडला, पुसला, पुन्हा चालवली. पुन्हा आला. कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि कारण तसं अवघड नव्हतं: पत्रा चिकटवायला वापरलेला गोंद अजून ओला असणार, त्याचीच वाफ धरत असणार. गोंद सगळ्या पत्र्यांना लावला होता आणि बर्फ एकाच जागी येत होता, हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी तिकडे बघायचं टाळलं.

दसऱ्याला पेटीला झेंडूचा हार घातला. अमरनाथ वही घेऊनच आला होता. मी सांगितलं आणि त्याने मास्तरांच्या अक्षरात लिहून घेतलं: आठवड्यातून एकदा बर्फ काढायचा, मागे चार बोटं मोकळी जागा ठेवायची, रबर साबणाच्या पाण्याने पुसायचं, आत दाटी करायची नाही. अक्काने पेटीवरून हात फिरवला आणि नवीच ना, असं विचारलं. मी म्हणालो, कोरी करकरीत.

४

तिसऱ्या दिवशी कंधारहून तिचा फोन आला. आवाजात हसू होतं. किल्ल्याच्या खंदकाजवळ गाडी लावली होती आणि अमरनाथ सकाळपासून फोटो काढत फिरत होता. मग ती म्हणाली, एक गंमत आहे. पेटीत काहीही मधोमध ठेवलं की सकाळी ते कडेला गेलेलं असतं. दुधाचं पातेलं, टोमॅटो, इन्सुलिनचा डबा, सगळं दोन्ही बाजूंना भिंतीला टेकलेलं, आणि मधली जागा मोकळी.

मी म्हणालो, वळणावर गाडी हलते, सामान सरकतं.

"गाडी कालपासून एकाच जागी उभी हाय, अप्पा," ती म्हणाली. "अन् दार लावताना आतून अडतंय. एसटीत समोर बसलेल्याचे गुडघे लागतात न्हाई का, तसं. जरा जोर दिला की मग मागं सरकतंय."

मी म्हणालो, रबर नवं आहे, ताठ आहे, आठ दिवसांत मऊ पडेल. तिने दारावरच्या बर्फाचंही सांगितलं. रोज सकाळी एकाच ठिकाणी, ती चमच्याने काढायची. मी म्हणालो, काढत जा. फोन ठेवल्यावर समोर उघडून ठेवलेला एका हॉटेलचा डीप फ्रिजर मला दुरुस्त करायचा होता, पण मी बराच वेळ त्याच्यात हात घातला नाही.

५

नांदेडहून फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि हनीफ माझ्या दुकानात चहा पीत बसला होता. अक्का हसत नव्हती. दोन दिवस तिची साखर चारशेच्या खाली येत नव्हती. तहान थांबत नव्हती, पाय ओढत चालावं लागत होतं. तिने डोस वाढवून पाहिला होता, उपयोग झाला नव्हता. आणि त्या दिवशी सकाळी इन्सुलिनशेजारी ठेवलेली पाण्याची बाटली काढली तर पाण्यात मधोमध बर्फाचा गोळा होता. मीटर मात्र चारच दाखवत होता.

"मी आत्ता मेडिकलच्या दारात उभी हाय," ती म्हणाली. "जुनं समदं फेकून नवं घेऊ का? गोठून वितळलं असंल का ते? पेटी तुमची हाय, तुम्हीच सांगा."

मीटरची वायर मी वरच्या कोपऱ्यात लावली होती. मधल्या जागेत किती थंडी आहे ते त्या मीटरला कळणारच नव्हतं, आणि हे मला तिने विचारण्याआधी माहीत होतं. नुसतं 'घ्या' म्हणायचं होतं, बाकी काही सांगायची गरज नव्हती. पण घ्या म्हटलं की पेटी परत येणार, आणि अमरनाथसारखा चिकित्सक माणूस मागचं झाकण उघडायला लावणार. झाकणाच्या आतल्या बाजूला मी माझ्या सवयीने कागद चिकटवलेला होता. प्रत्येक कामाला चिकटवतो: तारीख, गाव, कोणासाठी. त्यावर ईश्वरप्पांचं नाव होतं, पुढे कै. लिहिलेलं. मयताच्या पेटीत मी बाईला दूध ठेवायला लावलं, हे उद्या सगळ्या लातूरला कळलं असतं.

"आधी काय ठेवत होते का ह्याच्यात, अप्पा?" तिने हळूच विचारलं. "खरं सांगा. मी रागावत न्हाई."

"कोरी पेटी हाय, अक्का. मीटर चार दाखवतोय म्हणजे चारच. औषधाला काही झालेलं न्हाई. प्रवासात साखर चढतेच की."

 ती म्हणाली, बरं, तुम्ही म्हणता तर जुनंच घेत राहते. पलीकडे मेडिकलवाल्याचा आवाज येत होता, ताई, काय देऊ. तिने त्याला काही नको म्हणून सांगितलेलं मला ऐकू आलं. हनीफने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

६

त्या फोननंतर चौथ्या दिवशी सकाळी अमरनाथचा फोन. रस्त्यावरून, गाडी चालवतानाच. बाजूने ट्रक गेल्याचे आवाज येत होते.

इस्लापूरला पोचल्यावर अक्का उठलीच नव्हती. धबधब्याचा आवाज गाडीत येत होता, तो ऐकत पडून राहिली, बरळली, वांती झाली, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी शुद्ध गेली. अमरनाथने धावत जाऊन एक डॉक्टर गाडीपाशी आणला. त्याने मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि संपलं म्हणून सांगितलं. अमरनाथ हे सगळं सपाट आवाजात सांगत होता, हजेरी घेतल्यासारखं.

"बेंगलोरहून लेक निघाली हाय. तिला यायला संध्याकाळ होईल," तो म्हणाला. "तवर ठेवायचं कसं, सुचत नव्हतं. आडवी ठेवली असती तर मग बसवताना... तुम्हाला माहीतच हाय. म्हणून शेल्फ काढले. आत बरोबर बसली, अप्पा. मांडी घालून. तुम्ही मापच तसं घेतल्यावानी."

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग तोच पुढे म्हणाला,

"मशीन तेवढं बघायला या. दार नीट लागत न्हाई."

७

मी गेलो. न जाण्याचं काय कारण सांगणार होतो? गाडी त्यांच्या घरासमोर निंबाखाली उभी होती. अंगणात माणसं जमली होती, फुलं आणि विभूती आली होती, एक जण बसवून न्यायच्या खुर्चीला केळीचे खुंट बांधत होता. लखलखीत दुपार होती. अमरनाथ पायरीवर बसला होता. मला बघून उठला आणि मी काही बोलायच्या आत माझे हात धरले. बरं झालं तुमची पेटी होती, म्हणाला.

मी एकटाच गाडीत चढलो आणि मागे पडदा ओढून घेतला. आत स्वयंपाकाचा वास होता. ओट्यावर त्याची वही होती, ते पान उघडं, मी सांगितलेलं सगळं त्यावर ओळीने लिहिलेलं आणि शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण. कॉम्प्रेसर व्यवस्थित चालत होता. आवाजात खोट नव्हती. मी दाराची कडी काढली.

अक्का बसली होती, पण मधोमध नव्हती. तिला डाव्या कोपऱ्यात सरकवलेलं होतं, खांदा भिंतीला, गुडघा भिंतीला, डोकं कलतं, टोमॅटो आणि दुधाचं पातेलं सरकत होतं तसंच. उजवीकडची जागा मोकळी होती. एका माणसाला अंग चोरून बसता येईल एवढी.

मग मी दाराकडे पाहिलं. आतल्या बाजूला नेहमीच्या जागी तो जुना पांढरा थर होता, सुकलेला, जाड. आणि त्याच्या डावीकडे, चार बोटं खाली, अक्काच्या तोंडासमोर, दुसरा होता. पातळ, नवा. मी बोट लावलं तर ओलं लागलं.

रात्रभर आणि अर्धा दिवस ती आत होती. डॉक्टरने मनगट धरलं होतं, बॅटरी मारली होती. मी हे मनात दोनदा म्हणालो. ओल बाहेरून येते नाही तर आतून, हेही म्हणालो. माझ्या पिशवीत कागद होता. रबर तपासायला एक पट्टी पुरली असती. मी पट्टी काढली नाही. खरवडणी काढली.

डावीकडचा थर आधी काढला. तो चटकन निघाला, सायीसारखा. मग उजवीकडचा. पत्रा कोरडा पुसला, चिंधी पिशवीत कोंबली. हे सगळं मी नेहमीच्या सफाईने केलं, आणि याची मला आजही लाज वाटते. पिशवीची चेन लावून मी वर बघितलं तर पुसलेल्या पत्र्यावर वाफ धरली होती. तळहाताएवढी. बघता बघता विरली आणि पुन्हा धरली.

डावीकडची की उजवीकडची, ते मी बघितलं नाही. मी मान फिरवून दार ढकललं. आतून दाब लागला. एका जागी नाही, दोन जागी. मी पाठ लावली, टाचा गाडीच्या पत्र्यावर रोवल्या आणि कडी बसेपर्यंत रेटत राहिलो.

पडद्याबाहेरून अमरनाथने विचारलं, लेक यायला अजून तीन तास आहेत, चालेल ना तोवर?

मी म्हणालो, चालेल.